मोटार थांबते तिथून पुढे : दोन लहानग्यांसह माथेरान

नेरळहून निघालेली टॅक्सी घाटाची वळणे घेत दस्तुरी नाक्यावर येऊन थांबते आणि चालक मागे वळून म्हणतो, “चला, उतरा. गाडी इथपर्यंतच.” मागच्या सीटवर दीड वर्षाचा मुलगा आजीच्या मांडीवर गाढ झोपलेला असतो. पाच वर्षांच्या मुलीची एक चप्पल सीटखाली गेलेली असते. डिकीत दोन बॅगा, दुधाच्या बाटल्यांची पिशवी, पाण्याची कळशी आणि खाऊचे डबे असतात. समोर झाडांतून जाणारी लाल मातीची वाट दिसते. बाजारपेठ आणि हॉटेल अजून अडीच-तीन किलोमीटर दूर आहे.

दिवाळीच्या सुटीत बडोद्याहून आलेल्या एका मराठी कुटुंबापुढे हाच प्रसंग उभा राहिला होता. मात्र या तीन किलोमीटरचा विचार त्यांनी घरूनच करून ठेवला होता. टॅक्सीच्या टपावर, दोरीने बांधलेली, मुलांना बसवायची चार चाकांची वॅगन होती.

माथ्यावरचे रान

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे छोटेसे थंड हवेचे ठिकाण आहे. १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून आले आणि येथे वस्ती करण्याची कल्पना पुढे आली. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने आणि पैशाने नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला.

येथे पर्यटकांच्या मोटारी आणि स्कूटर यांना मज्जाव आहे. त्यामुळे हॉर्न नाही, धूर नाही, मूल हात सोडून रस्त्यावर पळाले तर काळजाचा ठोका चुकत नाही. लहान मुलांच्या आईवडिलांना हे सुख फार मोठे वाटते. पण त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते, कारण दस्तुरीपासून पुढे प्रत्येक मूल आणि प्रत्येक बॅग कुणाला तरी न्यावी लागते.

निवड झाली ती घरी

या कुटुंबात वॅगनवरून आधी बराच खल झाला होता. घरात तीन पर्याय होते. पहिला, छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी. तिचा जनक ओवेन मॅक्लारेन हा ब्रिटिश विमान-अभियंता. १९६५ मध्ये त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून जेमतेम पावणेतीन किलो वजनाची बाबागाडी तयार केली आणि जगभरच्या आयांचे हात हलके केले. दुसरा पर्याय म्हणजे शेजाऱ्यांची जोडबाबागाडी, दोन मुलांना शेजारी शेजारी बसवणारी. तिसरी ही वॅगन, अमेरिकेतल्या मामाने भाचरांसाठी पाठवलेली.

“एवढे धूड कोण उचलणार? आम्ही मुलांना कडेवर घेऊनच हिंडवले,” आजींनी पहिल्या दिवशीच आपले मत देऊन टाकले.

“आई, तुम्ही एकाला कडेवर घ्याल, मी दुसऱ्याला. मग बाटल्यांची पिशवी कोण घेणार?” सूनबाईंनी हसत विचारले.

शेवटी परीक्षा घ्यायचे ठरले. इमारतीमागे बांधकामाची खडी आणि माती पडली होती. तिथे तिन्ही गाड्या मुलांसह चालवून पाहिल्या. हलकी बाबागाडी गुळगुळीत फरशीवर वाऱ्यासारखी पळत होती, पण तिची लहान प्लॅस्टिकची चाके खडीत रुतली. शिवाय तिच्यात एकच मूल बसणार. जोडबाबागाडी लिफ्टच्या दारातूनच जाईना. वॅगन मात्र खडीवरून गेली, कारण तिची चाके मोठी आणि रुंद होती. दोन्ही मुले समोरासमोर बसून एकमेकांना वाकुल्या दाखवत राहिली.

नुसत्या चाकांवर भाळून चालत नाही. सूनबाईंनी इतर गोष्टीही बारकाईने पाहिल्या. दोन्ही मुलांना स्वतंत्र पट्टे आहेत का, आणि ते खांद्यांवरून येऊन कमरेशी व पायांमध्ये अडकतात का? पायाने दाबायचा ब्रेक उतारावर गाडी धरून ठेवतो का? गाडी नुसती ओढायचीच आहे की मागून ढकलताही येते? ओढताना मुलांकडे पाठ असते. पट्टा सुटला किंवा बाळाने हात चाकाकडे नेला तरी कळत नाही. म्हणून दोन्ही सोयी असलेली गाडी केव्हाही चांगली. अशी गाडी फक्त आधाराशिवाय नीट बसता येणाऱ्या मुलांसाठी असते. तान्ह्या बाळाला तिच्यात उशा लावून बसवणे धोक्याचे आहे.

मग वजनकाटा आला. वॅगन १४ किलो, मुलगी १७ किलो, बाळ १० किलो. एकूण ४१ किलो. “ओढीन मी,” मुलांचे बाबा ऐटीत म्हणाले आणि निर्णय झाला.

दस्तुरी ते बाजार

दस्तुरीला पर्याय अनेक असतात. जवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरानला छोट्या रेल्वेची शटल जाते. मुलांना तिची मजा काही औरच, पण सुटीच्या दिवशी तिकिटाची रांग लांब असते आणि डबे अरुंद असतात. घोडेवाले भोवती जमतात. एकट्या मोठ्या माणसाला घोडा सोयीचा, पण कडेवर बाळ घेऊन घोड्यावर बसण्याचे धाडस कुणी करू नये. सामानासाठी हमाल मिळतात. त्यांत पायथ्याच्या आदिवासी वाड्यांतून रोज वर येणाऱ्या स्त्रियाही असतात. दोन-दोन बॅगा डोक्यावर घेऊन त्या झपाझप पुढे निघतात. दर आधी ठरवून घ्यावा, आणि ठरल्यावर घासाघीस करू नये.

या मंडळींनी सामान हमालाकडे दिले, आजींना ई-रिक्षात बसवले आणि मुलांना वॅगनमध्ये बसवून आईबाबा पायी निघाले.

पहिला अर्धा किलोमीटर मजेत गेला. जिथे वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत तिथे चाके छान फिरत होती. जिथे जांभ्या दगडाची उघडी माती आणि पावसाने उघडी पडलेली मुळे होती, तिथे गाडी धडधडू लागली. मुलीला त्यात झोपाळ्याचा आनंद मिळाला. बाबांच्या खांद्यांना मात्र घाम फुटला. चढावर दोघांनी मिळून जोर लावला. उतारावर गाडी पुढून ओढली तर ती टाचांवर येते, हे पहिल्याच उतारावर समजले. मग बाबा मागे गेले आणि दोन्ही हातांनी गाडी धरून सावकाश उतरवू लागले.

वाटेत आणखी धडे मिळाले. घोडे येत असतील तर गाडी बाजूला घेऊन ब्रेक लावावा आणि घोड्याच्या मागच्या पायांजवळ उभे राहू नये. खाऊचा पुडा मुलाच्या हातात दिला की माकड झाडावरून उतरलेच म्हणून समजा. खाणे बंद पिशवीत ठेवावे. जड पिशवी मागच्या दांड्याला लटकवू नये, गाडी मागे कलंडू शकते. धुळीसाठी पातळ ओढणी जवळ असावी, पण ती गाडीवर पांघरून आतली हवा कोंडू नये.

चार वेळा थांबून, दोन वेळा पाणी पिऊन, सव्वा तासाने मंडळी बाजारात पोहोचली. बाळाची झोप एकदाही मोडली नव्हती.

जिथे गाडी नेऊ नये

दुसऱ्या दिवशी पॉइंट पाहायचे होते. माथेरानचे पॉइंट म्हणजे डोंगराच्या कडा. पॅनोरमा, एको, लुईझा, अलेक्झांडर अशी त्यांची नावे, आणि प्रत्येकापुढे खोल दरी. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगडाचा डोंगर दिसतो आणि मोठी माणसे भान हरपून पाहत राहतात. नेमक्या त्याच वेळी लहान मुलांकडे दुर्लक्ष होते. म्हणून वॅगन कड्यापासून चांगली लांब, सपाट जागी, ब्रेक लावून ठेवायची आणि मुलांना हाताला धरून पुढे न्यायचे, असा नियम आईने केला. एका वेळी एकाच मोठ्याने दृश्य पाहायचे, दुसऱ्याचे लक्ष मुलांवर. ब्रेक कितीही चांगला असला तरी तो हाताची जागा घेऊ शकत नाही.

शार्लट लेकच्या वाटेसाठी तर वॅगन हॉटेलातच ठेवली. मुळे, दगड आणि पायऱ्या असलेल्या वाटेवर चाकांचा उपयोग नाही. तिथे आजींचा अनुभव कामी आला. त्यांनी आपल्या जुन्या सुती साडीची झोळी बांधली आणि बाळ बाबांच्या छातीशी बसले. “पाहिलंस? याला ना चाक, ना ब्रेक,” आजी मुलाला म्हणाल्या. माथेरानला पाणी पुरवणाऱ्या त्या तळ्याकाठी, पिसारनाथाचे दर्शन घेऊन, सगळ्यांनी घरचे थेपले आणि बटाट्याची भाजी खाल्ली. त्या दिवशी मुलगी सगळी वाट आपल्या पायांनी चालली, हे तिने नंतर सर्वांना सांगितले.

४१ किलोंचा हिशेब

परतीच्या आदल्या संध्याकाळी आजी बाजारात चिक्की घेताना एका ई-रिक्षाचालकाशी बोलत बसल्या. त्यांना त्यांचे जुने माथेरान आठवत होते. चाळीस वर्षांपूर्वी, हाच मुलगा कुशीत असताना, त्या येथे हातरिक्षात बसून आल्या होत्या. पुढे एक जण ओढत होता, मागून दोघे ढकलत होते.

“दादा, तुम्हीसुद्धा ओढलीत का हो हातरिक्षा?”

“तर! वीस वर्षं ओढली, आजी. पावसात चढावर पाय सरकायचे. आता निदान रात्री पाय दुखत नाहीत.”

माथेरानचा हा प्रश्न बरीच वर्षे न्यायालयात होता. घोडेवाल्यांना आपल्या पोटाची चिंता, पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांना वाहने वाढण्याची भीती, आणि शाळेत रोज मैलोन्‌मैल चालणारी मुले, आजारी माणसे व हातरिक्षा ओढणारे यांची वेगळीच निकड. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असे सांगत, माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

शेजारी उभे राहून मुलांचे बाबा हे ऐकत होते. दोन दिवसांत त्यांचे तळहात लाल झाले होते, खांदे भरून आले होते. तेही स्वतःच्याच मुलांना ओढताना, वाटेल तेव्हा थांबून, ४१ किलोंसाठी. हातरिक्षात दोन मोठी माणसे बसली की सव्वाशे-दीडशे किलो सहज होतात, वर रिक्षाचे वजन वेगळे. आणि थांबायचे केव्हा, हे ओढणाऱ्याने नव्हे, बसणाऱ्याने ठरवायचे.

“आई, तेव्हा तुला काही वाटलं नव्हतं का गं?” त्यांनी विचारले.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. “वाटलं होतं रे. पण तू तापाने फणफणला होतास, आणि दुसरं काही नव्हतं. उतरताना मी त्यांच्या हातावर जास्तीचे पैसे ठेवले होते. तेवढंच सुचलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान पुन्हा हमालाकडे गेले, आजी पुन्हा ई-रिक्षात बसल्या. वॅगनचा दांडा बाबांनी हाती घेतला, तेव्हा मुलगी खालीच उभी राहिली.

“मी चालणार. बाबांचे हात दुखतात.”

त्या सकाळी वॅगनमध्ये फक्त बाळ होते. मुलगी आजीसाठी घेतलेली चिक्कीची पिशवी सांभाळत पुढे चालली होती, आणि चढ आला की मागे येऊन आपल्या छोट्या हातांनी गाडीला जोर लावत होती.