घर हलवले, पेव राहिले

माणसाने घर बदलले की मागे काय काय राहते, याचा हिशेब कुणी कधी नीट मांडलेला नाही. भांडीकुंडी, गाद्यागिरद्या, देव्हाऱ्यातले देव, शिवणयंत्र, झालेच तर दाराबाहेरचे तुळशीवृंदावन, हे सारे टेम्पोत चढते; कारण ते डोळ्यांना दिसते. राहते ते न दिसणारे. माळ्यावरच्या कोपऱ्यातली समई राहते, शेजारणीकडे विरजणासाठी दिलेला गडू राहतो, आणि दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजून पेन्सिलीने ओढलेल्या रेघा तर राहतातच राहतात. त्या टेम्पोत घालणार कशा?

आमच्या मराठवाड्यात पूर्वी याहून फार मोठी गोष्ट मागे राहण्याचा संभव असे. ती म्हणजे पेव. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. आतून कडब्याचा आणि तुसाचा थर, मध्ये ज्वारी, वर दगडाचे झाकण आणि त्यावर मातीचे लिंपण. अंगणातून जाणाऱ्या परक्याला आपण वर्षाच्या बेगमीवरून चालतो आहोत याचा पत्ता लागू नये, हाच त्यातला हेतू. ज्याला ठाऊक त्याचेच ते धान्य!

या पेवाची आठवण मला यंदा झाली ती संगणकावरच्या एका खेळामुळे. हसू नका. चाळिशी उलटलेल्या, मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेऊन नांदेडच्या शाळेत मुलांना फुलपात्र काढायला शिकवणाऱ्या आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने पोरांच्या खेळांवर लिहावे हे काहींना रुचणार नाही. पण मला विचाराल तर कादंबरी आणि हे खेळ यांच्यात फारसे अंतर नाही. दोन्हींत माणूस दुसऱ्याच गावात जाऊन राहतो. फरक इतकाच की कादंबरीत कुठवर आलो हे सांगायला मोराचे पीस पुरते. खेळात ते भागत नाही.

आमच्या लहानपणी तर काहीच भागत नसे. टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त यंत्रात कॅसेट खुपसायची आणि मिशीवाल्या मारिओला उड्या मारायला लावायचे. दोन तास खपून राजकन्येच्या किल्ल्याजवळ पोहोचावे आणि नेमकी वीज जावी. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात! खेळात कुठवर आलो हे यंत्राच्या लक्षातच राहत नसे. तिकडे अमेरिकेत 1987 साली निघालेल्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा' या खेळाच्या सोनेरी कॅसेटीत एक छोटी बॅटरी बसवली होती. वीज नसतानाही ती नोंद जपून ठेवी. बॅटरी मेली की नोंदही मेली, हा भाग निराळा. पुढे प्लेस्टेशनबरोबर खिशात मावणारे कार्ड आले. त्यात 128 किलोबाइट एवढीच जागा, आणि तिचे 15 कप्पे. एका कप्प्यासाठी भावाभावांत हातघाई झालेली घरे मला ठाऊक आहेत.

आज जागेची वाण नाही. गोंधळ आहे तो जागेच्या पत्त्याचा. मुलांना वाटते, खेळ जिथे, तिथेच त्याची नोंद. तसे बहुधा नसते. एकाच संगणकावर बाप, मुलगा, मुलगी असे तिघे बसतात. म्हणून खेळाचा कारखाना सामाईक ठेवायचा आणि ज्याची त्याची नोंद ज्याच्या त्याच्या नावाच्या कपाटात ठेवायची, अशी विंडोजची रीत. रीत उत्तम आहे. पण कपाट कोणते, याविषयी खेळ करणाऱ्यांत एकवाक्यता नाही. 'व्हाइस सिटी' हा दोन पिढ्यांनी खेळलेला दंगेखोर खेळ आपल्या आठ नोंदी डॉक्युमेंट्समध्ये उघड्यावर ठेवतो. 'माइनक्राफ्ट' त्या ॲपडेटा नावाच्या कपाटात ठेवतो, आणि हे कपाट मुळातच लपवलेले असते. काही जुने खेळ मात्र आपल्याच घरात नोंद ठेवतात. प्रत्येक गावाची पेव खणायची रीत वेगळी, त्यातलाच प्रकार.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझी थोरली बहीण लातूरला असते. तिच्या सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू. आबा मूळचे किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकतेच कुठे आडवे झाले होते, तेव्हा जमीन हलली आणि त्यांचे माळवद बसले. दगडामातीच्या जाड भिंती आणि छतावरचा मातीचा भार. जे उन्हाळ्यात गारवा देई तेच अंगावर आले. हजारो माणसे गेली. आबांच्या घरचीही गेली. त्याविषयी ते कधी बोलत नसत. पुढे सरकारने 52 गावे नव्या जागी वसवली. आबांचे गाव त्यातच होते. रुंद रस्ते, ओळीने घरे. सारे गाव हलले. पेव राहिले जुन्या जागी. आबा पुढे महिन्याभराने तिथे परत गेले, पावलांनी अंतर मोजून पेवाचे तोंड त्यांनी शोधले, पेटता कंदील दोरीने आत सोडला, तो विझत नाही हे पाहिले, मग उतरले. बंद पेवात विषारी हवा साचते. घाईने उतरलेली माणसे वर आलेली नाहीत. ज्वारी निघाली. ही एक गोष्ट मात्र ते रंगवून सांगत.

म्हातारपणी आबा लातूरला लेकाकडे आले. शेत नाही, करमेना. तेव्हा माझ्या भाच्याने त्यांना आपल्या शेजारी बसवून एक खेळ दाखवला. 'स्टारड्यू व्हॅली' त्याचे नाव. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने चार-साडेचार वर्षे एकट्याने खपून तो केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, लेखन त्याचे. 2016 च्या फेब्रुवारीत तो बाहेर पडला. एकट्याने टेबलाशी बसून गाव उभे करणाऱ्या माणसाबद्दल मला साहजिकच आपुलकी वाटते. खेळ शेतीचा. पडीक जमीन साफ करायची, बी पेरायचे, पाणी घालायचे, माल विकायचा. चार ऋतू, प्रत्येक 28 दिवसांचा.

आबांनी चष्मा पुसून घेतला आणि हळूहळू मालकी हातात घेतली. माउस नातवाचा, हुकूम आजोबांचा! उद्या पाऊस आहे की नाही हे खेळातला टीव्ही आदल्या दिवशी सांगतो, आणि तसा तो पडतोही. आबा म्हणाले, "म्हंजे हे गाव आपल्या जिल्ह्यात न्हाई." पाणी घातले नाही तर तिथले पीक मरत नाही, नुसते वाढायचे थांबते, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. ज्या लातूरने 2016 साली मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी प्यायले, तिथे बसून हे ऐकायचे म्हणजे काय ते वाचकांनीच समजून घ्यावे. फ्लॉवरचा हिशेब मात्र त्यांना फार आवडला. बी 80 चे, गड्डा 175 चा. संध्याकाळी पेटीत टाका, सकाळी पैसे हातात. "आडत न्हाई, हमाली न्हाई, तोलाई न्हाई," असे ते लातूरच्या मोंढ्याला उद्देशून म्हणत.

आणखी एक गोष्ट त्यांच्या मनाजोगी होती. या खेळात हवे तेव्हा नोंद करता येत नाही. खेळातला माणूस रात्री अंथरुणावर जाऊन निजला, की मगच तो दिवस जमा होतो. मधेच बंद केले तर दिवस वाया. "बरोबरच हाय," आबा म्हणत. "निजल्याबिगर दिवस संपतोय व्हय?"

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आबा गेले. भाच्याने त्यानंतर तो खेळ उघडला नाही.

यंदा भाच्याला नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश मिळाला. घरचा जुना संगणक धाकट्या बहिणीच्या अभ्यासासाठी साफ करून घ्यायचे ठरले. भाच्याने बाहेरून जोडायची एक टेराबाइटची डिस्क आणली, खेळांचे सगळे फोल्डर तिच्यावर घेतले आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करत एस.टी.ने तो माझ्याकडे उतरला. जेवण झाल्यावर डिस्क लॅपटॉपला जोडली. खेळ सुरू झाला, संगीत वाजले. पण जिथे आबांचे नाव दिसायचे तिथे काही नव्हते. नवे शेत सुरू करायचे का, एवढेच त्याने विचारले.

पोरगा पांढरा पडला. खेळ त्याने दुकानातून थेट विकत घेतलेला. इंटरनेटवर आपोआप नोंद ठेवायची सोय त्याच्या प्रतीला नव्हती. "मामा, सेव्ह लातूरलाच राहिलं. आणि पाच वाजता फॉरमॅट करायला माणूस येणार आहे." घड्याळात सव्वातीन झाले होते.

ताईला फोन लावला. भाची क्लासला गेलेली. घरात ताई एकटी. ताई बचत गटाचे हिशेब चोख ठेवते, पण संगणकाला तिने धूळ पुसण्यापलीकडे हात लावलेला नाही. भाचा घाईघाईने रूट, रोमिंग, हिडन असले काहीबाही सांगू लागला. मी फोन हातात घेतला.

"ताई, आबांचं पेव ठाऊक आहे ना?"

"न ठाऊक असायला काय झालं?"

"तसंच आहे हे. वरून दिसत नाही. मी पावलं सांगतो, तू मोजत ये."

ती सावरून बसल्याचे मला इकडून कळले. खिडकीचे चित्र असलेले बटण दाबून धरायचे आणि 'आर' दाबायचा. एक छोटी चौकट येते. तिच्यात टक्क्याचे चिन्ह, मग ॲपडेटा हा शब्द, मग पुन्हा टक्क्याचे चिन्ह. टक्क्याचे चिन्ह सापडायला सहा मिनिटे लागली. 5 च्या डोक्यावर ते बसलेले असते. एंटर. लपवलेले कपाट उघडते. त्यात खेळाच्या नावाचा फोल्डर, त्यात 'सेव्हज'.

"काय दिसतंय?"

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग ताई म्हणाली, "अरे, आबांचं नाव आहे इथे. आणि पुढे एक मोठा आकडा."

तो अख्खा फोल्डर तिने पेन ड्राइव्हवर घेतला. उचलून नव्हे, नक्कल करून. यावर मी अडून बसलो. कट करून नेणे आणि कॉपी करून नेणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एका डिस्कवरून दुसरीवर नेताना मध्येच वीज गेली तर कट केलेला माल दोन्हीकडे अर्धवट होण्याची भीती. कॉपीत मूळ जागचे हलत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मी कार्बन लावून लिहिले होते आणि वरची प्रत रजिस्टरने पुण्याला पाठवून खालची पेटीत ठेवली होती. त्यामुळे या बाबतीत माझी मते जरा कडक आहेत. पाच वाजता आलेल्या माणसाला ताईने चहा दिला आणि उद्या या म्हणून परत पाठवले. रात्री भाचीने ती नोंद मेलने धाडली. सारे शेत मिळून मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोएवढे वजन!

नांदेडच्या लॅपटॉपमध्ये नेमक्या तशाच जागी तो फोल्डर ठेवायचा होता. त्याआधी मी भाच्याला ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडायला लावली, हेतू हाच की कंदील आधी आत सोडावा. या खेळाची नोंद साध्या अक्षरांत वाचता येते. धन्याचे नाव, शेताचे नाव, शिल्लक रक्कम, वर्ष, दिवस, जणू सातबाराच! तेवढ्या अक्षरांवरून फाइल धड आहे याची खात्री पटली.

ज्यांच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत अशी हलवाहलव चालली असेल त्यांना दोन गोष्टी सांगतो. इंटरनेटवर नोंद ठेवणारे खेळ असले, तर कधी कधी ते यंत्रातली नोंद ठेवू की वरची ठेवू असे विचारतात. तिथे तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय बोट उचलू नये, कारण निवडलेली नोंद दुसरीच्या डोक्यावर बसते. आणि बाहेरची डिस्क एका यंत्रात 'ई' म्हणून ओळखली जाते, तर दुसऱ्यात 'एफ' म्हणून. पत्ता लिहून ठेवणारे खेळ तेवढ्यानेही चुकतात. जुने यंत्र साफ करायचे ते नव्यावर नोंद उघडून पाहिल्यानंतरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खेळ उघडला. आबांचे नाव आले. दुसरे वर्ष, वसंत ऋतू, तारीख 26, सकाळ. अंगणासमोर फ्लॉवरच्या ओळी. आबांनी 16 तारखेला लावलेल्या. बारा दिवसांचे पीक, म्हणजे 28 ला तयार. ऋतूचा शेवटचा दिवसही 28. त्या दोन दिवसांत पाणी चुकले की उन्हाळा लागताच सगळे वाळून जाणार. म्हणूनच भाचा इतके महिने तिथे गेला नव्हता. निजला तर आबांचा दिवस सरायचा, आणि आबांचा शेवटचा दिवस म्हणून राहिलेला तेवढाच होता.

मी काही बोललो नाही. त्याने त्या फोल्डरची एक प्रत डिस्कवर ठेवली, एक पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह माझ्या हस्तलिखितांच्या पेटीत टाकला. मग झारी उचलून तो पाणी घालू लागला.

28 तारखेचा माल पेटीत गेला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ताईचा फोन आलाच. "काय रे, काय भाव लागला?"

"पावणेदोनशे," भाचा म्हणाला. "थोडे चांदीची चांदणीवाले निघाले, त्यांना 218."

"आणि आडत?"

"न्हाई," तो म्हणाला.