रसवाली माई

फळ खाणे आणि फळाचा रस काढून ठेवणे या दोन अगदी निराळ्या वृत्ती आहेत. खाणाऱ्यापुढे आजचा दिवस असतो. बाटल्या भरणाऱ्यापुढे वर्षाची बेगमी. आमच्या घरात पहिली वृत्ती आईची आणि दुसरी माझ्या धाकट्या बहिणीची. मी पडलो मराठीचा प्राध्यापक; माझा संबंध नवरसांशी. यंदाच्या जूनमध्ये मात्र दहावा रस माझ्या वाट्याला आला.

बहीण फिनलंडमध्ये राहते. तिकडे उन्हाळा आखूड, हिवाळा लांबलचक. त्यामुळे परसातल्या काळ्या-तांबड्या करंटांचा रस काढून ठेवण्याची चाल आहे. त्याच्या भांड्याला तिकडे ‘मेहु-माइया’ म्हणतात. मेहु म्हणजे रस आणि माइया हे बाईचे नाव. मी तत्काळ भाषांतर केले : रसवाली माई!

ही माई दिसायला आपल्या मोदकपात्राची थोरली बहीण. तळाच्या भांड्यात पाणी, वरच्या चाळणीत फळे आणि मधल्या भांड्याच्या पोटातून धुराड्यासारखी वर जाणारी नळी. वाफ त्या नळीतून फळांपर्यंत पोचते, फळे मऊ होऊन फुटतात आणि रस मधल्या भांड्यात पाझरतो. तासाभराने तो रबरी नळीने गरम बाटल्यांत उतरवायचा नि लगेच झाकण लावायचे. बिया काढणे नाही, पिळणे नाही. तळाचे पाणी तेवढे आटू द्यायचे नाही. अन्न बंद बाटलीत तापवले की टिकते, हे फ्रान्सच्या निकोला अपेरने १८१० साली पुस्तक लिहून सांगितले. ते का टिकते, हे पाश्चरने पुढे अर्धशतकाने उलगडले.

आईला यात काडीचे नवल वाटले नाही. “अडुळशाचा रस काय नुसता पिळून निघतो होय? पानं वाफवावीच लागतात,” ती म्हणाली. आणि ते खरेच आहे. शार्ङ्गधरसंहितेत पुटपाक सांगितला आहे तो याचसाठी. जे सहज रस देत नाही त्याला आधी ऊब द्यायची.

पण बहीण खरी आली होती ती कागदांवर सही करायला. आमच्या पुण्यातल्या घराच्या जागी आता सात मजली इमारत व्हायची आहे आणि वडिलांनी लावलेले परसातले जांभूळ तिच्या नकाशात नाही. दरवर्षी आई पाट्या भरभरून जांभळे आळीत वाटी. घरात साठवण कधी झालीच नाही. “निदान शेवटचा बहर तरी राहू दे, दादा,” असे बहीण म्हणाली तेव्हा मी मुकाट्याने शेगडी पेटवली.

चार किलो जांभळांना अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या निघाल्या. रंग असा, की पैठणीला हेवा वाटावा! आईने घोटभर चाखून निकाल दिला : “रस चांगलाय. जांभूळ नाही.” वाफेचे थोडे पाणी त्यात उतरते हे खरे, पण तिला म्हणायचे होते ते निराळेच असावे.

दुसऱ्या दिवशी ती परसात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरत बसलेली दिसली. फळे चाळणीत पडण्यापूर्वीच तिने ओंजळभर बाजूला काढली होती.

“शिजलेली बी उगवत नाही रे,” ती म्हणाली. “आणि जांभळाची बी ठेवूनही भागत नाही. ताजी असतानाच पेरावी लागते.”

आईपुढे फक्त आजचा दिवस असतो, असे मी वर लिहिले आहे ते तसेच राहू देतो. या दिवाळीत जुन्या शेजाऱ्यांकडे फराळाच्या ताटाबरोबर एकेक बाटली जाईल. ज्यांच्या दारात थोडी माती उरली आहे, त्यांच्याकडे एकेक रोपही जाईल. सहा रोपे चांगली वीतभर झाली आहेत. बाटल्या वर्षभरात संपतील. रोपांना फळ धरायला बरीच वर्षे लागतील. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि रोज सकाळी त्यांना पाणी घालते.