अर्धं वाक्य

माझ्या बडतर्फीच्या आदेशात माझंच एक वाक्य अवतरणचिन्हांत छापलं होतं : "एक दिवस ही कंपनी पेटेल, आणि तेव्हा तुम्हाला कुणी वाचवणार नाही." वरिष्ठांना जाळण्याची धमकी दिली, असा त्याचा अर्थ लावला होता. ते शब्द माझेच. पण त्यांच्या आधी मी म्हणाले होते, "हा व्हॉल्व्ह बदलला नाहीत तर." तेवढं आदेशात नव्हतं.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी फिलिंगला होते. 26 मे 2016 ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, तेव्हा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसं गेली. त्यानंतर या भागात सॉल्व्हंटचा वास आला की पोटात गोळा येतोच. 2018 मध्ये आमच्या सेक्शनचा व्हॉल्व्ह गळायला लागला. रजिस्टरमध्ये नोंद होती, सुपरवायझरची सही होती. बदलत मात्र कुणी नव्हतं. शिफ्टच्या मीटिंगमध्ये मी आवाज चढवून बोलले. रागात होते, आणि राग खरा होता.

आम्हा कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होत. ज्वालाग्राही माल हाताळतात तिथे साधा मोबाइल नेऊच नये, त्यामुळे त्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण मीटिंग बाहेरच्या पॅसेजमध्ये व्हायची आणि तिथे वरिष्ठांच्या खिशात फोन असायचा. माझं बोलणं त्यातल्याच एकावर रेकॉर्ड झालं. दोन दिवसांत निलंबन, मग चार्जशीट. सोबत काही सेकंदांची क्लिप.

माझा बचाव प्रतिनिधी म्हणून अण्णा उभे राहिले. वागळे इस्टेटच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले, आता निवृत्त. पहिल्याच भेटीत म्हणाले, "ताई, निकाल तुमच्या बाजूचा असो की विरुद्ध, दोन्ही वाचायचे." त्यांनी दोन निकाल पुढे ठेवले. पहिल्यात उत्तर प्रदेशातल्या एका कामगाराने वरिष्ठाला अनुचित, धमकीवजा शब्द वापरले होते. एवढ्यासाठी नोकरी घालवणं ही अतिरेकी शिक्षा आहे, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये बडतर्फी रद्द केली आणि वेतनवाढी रोखल्या. दुसऱ्यात महिंद्रा अँड महिंद्राच्या कामगाराने मात्र सुपरवायझरला घाणेरड्या शिव्या दिल्या होत्या, आणि त्याची बडतर्फी त्याच न्यायालयाने 2005 मध्ये कायम केली. म्हणजे नेमके कोणते शब्द आणि कोणत्या प्रसंगात, यावर सगळं ठरतं. माझा तर प्रसंगच कापून टाकला होता.

चौकशीत आम्ही पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं. "तेवढंच उपलब्ध आहे." मूळ फोन मागितला. "तो बदलला." मग मी कामकाजाचं रेकॉर्डिंग करू का विचारलं, तर चौकशी अधिकाऱ्यांनी साफ नकार दिला आणि टाइप केलेल्या पानांवर सह्या करायला सांगितलं. मी व्हॉल्व्हबद्दल विचारलेले प्रश्न त्या पानांत नव्हतेच. अण्णांनी सहीशेजारी लिहायला लावलं : 'माझे म्हणणे पूर्ण नोंदवलेले नाही.' पुढे कोर्टात ही ओळ फार उपयोगी पडली.

निलंबनात पहिले नव्वद दिवस निम्मा पगार मिळतो. कल्याण पूर्वेत आमचं घर भाड्याचं. सासूबाईंनी एकदाही टोमणा मारला नाही, उलट चौकशीच्या दिवशी पहाटे उठून डबा करून द्यायच्या.

रेकॉर्डिंगबद्दल कायदा काय म्हणतो, ते मी याच काळात समजून घेतलं. मुंबईचे तेव्हाचे कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) आर. एम. मलकानी यांनी एका मृत्यूच्या प्रकरणात डॉक्टरकडे पैसे मागितले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनवरचं संभाषण टेप केलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये ती टेप पुरावा म्हणून स्वीकारली. अटी अशा : संभाषण विषयाशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा आणि टेपमधून काही पुसलं गेल्याची शक्यता उरता कामा नये. तिसरी अट वाचून मी अण्णांना रात्रीच फोन केला.

आपण ज्या संभाषणात आहोत ते टिपणं हा आपोआप गुन्हा होत नाही. पण कोर्ट रेकॉर्डिंग स्वीकारेल म्हणून नोकरी वाचेल असंही नाही. कंपनीने नियम करून मनाई केली असेल तर तेच गैरवर्तन ठरवलं जाऊ शकतं. कँटीनमधल्या मैत्रिणींच्या गप्पा कुणी टिपाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. मात्र जिथे माणसाच्या पोटापाण्याचा निवाडा होतो, त्या चौकशीचं पूर्ण रेकॉर्डिंग व्हावं आणि त्याची प्रत कामगाराला मिळावी, यासाठी मी भांडत राहीन.

बडतर्फीनंतर महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना व अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली ठाण्याच्या कामगार न्यायालयात तक्रार केली. त्याला मुदत नव्वद दिवसांची. माझ्याबरोबर काढलेल्या एका मुलाची मुदत उलटली होती, याचं दुःख अजून आहे. मग तारखा, कल्याण-ठाणे लोकल, मग लॉकडाऊन. जुलै 2020 मध्ये जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चं प्रमाणपत्र हवंच. कार्यालयांतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा जसाच्या तसा लागू नसतो, पण कंपनीला आरोप कोर्टात नव्याने सिद्ध करायची वेळ आली असती तर तिच्याकडे फोनही नव्हता आणि प्रमाणपत्रही नव्हतं. चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून नव्हती, असं कोर्टाने ठरवल्यावर तडजोडीचा निरोप आला.

मसुद्यात पैसे ठीक होते, ग्रॅच्युइटीही होती. पण सुरुवातीलाच 'धमकी दिल्यामुळे' असा शब्दप्रयोग. वकील म्हणाले, पैसे घ्या, शब्दांकडे बघू नका. मी सही केली नाही. तो शब्द काढून, बडतर्फी मागे घेतल्याचं लिहिलेला मसुदा आला तेव्हाच केली. त्यात व्हॉल्व्हचा उल्लेख नव्हता, म्हणून रजिस्टरमधल्या नोंदींच्या तारखांसह औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मी वेगळा अर्ज दिला.