रोज एक फोटो, सायकलवरून



दिवाळीपासून माझ्या स्टेटसला रोज सकाळी एक फोटो असतो, आणि त्यावर तुमचे प्रश्नही रोज असतात. गुळाच्या ढेपेचा फोटो का, कुलपाचा फोटो का, एका बाईने तर विचारलं की ताई, घरात सगळं ठीक आहे ना. ठीक आहे. आज सगळं एकदाच सांगते, म्हणजे दुपारचे फोन वाचतील.

गोष्ट माझ्या आईच्या डोळ्यांची आहे. आई नांदेडला असते, मी लातूरला. तिला काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे, दोन्हीत खूप फरक आहे आणि तो आपल्या घराघरांत माहीत असायला हवा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदललं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते. गेलेलं परत येत नाही. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं आणि समोरचं बरेच दिवस शाबूत राहतं, म्हणून माणूस वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि दाराच्या चौकटीला मात्र खांदा आपटतो. आईचं तसंच झालं. मंदिरात बाजूला ठेवलेल्या गंधोदकाच्या वाटीला तिचा हात लागून ती कलंडली, तेव्हा सगळ्यांना वाटलं वयामुळे झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा भावाने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

थेंब सुरू झाले. रोज रात्री नऊला, दोन्ही डोळ्यांत एक एक. वर्षभराने तपासणी झाली तर दाब होता तसाच आणि नजरेचं वर्तुळ आणखी आवळलेलं. डॉक्टर औषध बदलायला निघाले. वहिनीच्या मात्र लक्षात आलं होतं की बाटली महिनोन् महिने संपत नाही. घरी आल्यावर तिने आईला सरळ विचारलं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "अगं, थेंब टाकला की घशात कडू लागतं. म्हणजे पोटात जातंय की नाही? दिवस मावळल्यावर मी पाणीसुद्धा घेत नाही. चाळीस वर्षांचा नेम आहे माझा."

यात आईची समजूत चुकीची नव्हती बरं का. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते, ती नाकात उतरते आणि तिथून थेंब घशात येतो. कडू लागतं ते खरंच औषध असतं. भावाने चिडून "डोळे मोठे की नेम मोठा" असं काहीतरी म्हटलं आणि आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी नेम पाळणारी आई किंवा सासू आहे त्यांना कळेल. असा वाद जिंकून काही मिळत नाही.

मी डॉक्टरांना फोन केला आणि सगळं जसं आहे तसं सांगितलं. ते हसले नाहीत, यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. ते म्हणाले, रात्रीच हवं असं नाही, रोज एकाच वेळी पडणं महत्त्वाचं. संध्याकाळी साडेपाचला टाका. थेंब टाकला की डोळा मिटायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दोन मिनिटं हलकं दाबायचं. नळी बंद राहते, औषध डोळ्यातच राहतं, घशात फारसं उतरत नाही. डिसेंबरात नांदेडला पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हासुद्धा साडेपाच चालतात. गेल्या दसलक्षणापासून एकही दिवस चुकलेला नाही. दोन मिनिटं मोजायला आई घड्याळ बघत नाही, डोळे मिटून णमोकार म्हणते. दाब उतरला. नजर जेवढी गेली तेवढी गेलीच.

आता फोटोंकडे येते. दिवाळीला नांदेडला गेले होते. अंगणात वहिनीने मोठी रांगोळी काढली होती, आणि आई ती मान फिरवत फिरवत तुकड्यातुकड्याने बघत होती. आधी कमळ, मग कडेची वेल, मग पणत्या. मी सहज मोबाईलवर फोटो काढून तिच्यासमोर धरला. ती म्हणाली, "अगं, ही तर सगळीच दिसते की!"

विचार केला तर साधं आहे. तिची नजर म्हणजे एखाद्या नळीतून बघितल्यासारखी. अंगणभर रांगोळी त्या नळीत मावत नाही, पण हातभर अंतरावर धरलेला तळहाताएवढा फोटो मावतो. म्हणजे रस्ता तिला दिसत नाही, रस्त्याचा फोटो दिसतो. मी लातूरला परतले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक फोटो पाठवायचा ठरवलं. फोटोसाठी बाहेर पडणं आलं. स्कूटीवर असलं की आपण काहीच बघत नाही, आणि पायी गेलं तर तासाभरात दोन गल्ल्या होतात. लेकीची सायकल ती शिकायला पुण्याला गेल्यापासून जिन्याखाली धूळ खात होती. ह्यांनी तिची चेन बदलून, हवा भरून दिली आणि म्हणाले, "मफलर घे, नाहीतर सर्दीचे फोटो काढशील."

लातूरची थंडी बाहेरच्यांना पटत नाही. मे महिन्याची लाही आणि २०१६ ची पाण्याची रेल्वे, एवढंच लोकांना माहीत. (मिरजेहून पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिलला आली होती. घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या त्या उन्हाळ्याचा माझ्याकडे एकही फोटो नाही. तेव्हा फोटो सुचतच नव्हते.) पण डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारावर येतो आणि सायकलवर तो वाऱ्यामुळे आणखी खाली वाटतो. पाय तापतात, बोटं मात्र गारठतात. मी लोकरीचा हातमोजा डाव्या हातात घालते आणि उजव्याचं अंगठा-तर्जनीचं टोक कापून टाकलंय, नाहीतर मोबाईलची काच ऐकत नाही. सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली, पायात मोजे आणि बूट. पहिल्या आठवड्यात कॉलनीतल्या नजरा होत्या, दुसऱ्यात त्यांनाही कंटाळा आला.

पहिले सोळा दिवस सोपे गेले, कारण आमच्याकडे गंजगोलाई आहे. १९१७ साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारांनी आखलेला हा गोल, मध्ये अंबाबाईचं मंदिर आणि चहूबाजूंनी फुटणारे सोळा रस्ते. एकीकडे सोनं-चांदी, एकीकडे चपला, एकीकडे मिरची आणि गूळ. रोज एक रस्ता, रोज एक फोटो. सातच्या सुमाराला दुकानं बंद असतात, ऊन तिरपं येतं आणि शटरच्या पट्ट्यापट्ट्यांवर सावल्या पडतात. आईसाठी हेच ऊन कामाचं. काचबिंदूत फिकट-गडद यातला फरक ओळखणंही कमी होतं, दुपारचा सपाट उजेड तिला धुक्यासारखा वाटतो. म्हणून माझे नियम ठरले: फोटोत एकच वस्तू, ती मधोमध, मागचं गडद असेल तर वस्तू उजळ आणि उजळ असेल तर गडद. कुलूप, गुळाची ढेप, चहाच्या गाडीवरचा वाफाळता पितळी बंब हे सगळं त्यातून आलं. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नाही. मिरचीवाल्या मावशींनी तर आधी डोक्यावरचा पदर नीट केला, मग म्हणाल्या, "तुझ्या आईला म्हणावं, यंदाची मिरची लाल आहे."

फोटोखाली मी काही लिहीत नाही. आई फोन करून काय दिसलं ते सांगते, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. गुळाच्या ढेपेवर गोणपाटाची वीण उमटली होती, मला ती फोटो काढताना दिसलीच नव्हती.

रोज एक फोटो हे काही माझं डोकं नाही. न्यूयॉर्कमध्ये जेमी लिव्हिंगस्टन म्हणून एक गृहस्थ होते. ३१ मार्च १९७९ पासून ते रोज पोलरॉइड कॅमेऱ्याने एकच फोटो काढत, आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला, म्हणजे ते गेले त्या दिवसापर्यंत, हे चाललं. पण मला त्यांच्यापेक्षा जवळच्या वाटतात त्या होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या. १९४२ साली दिल्लीला गेल्या आणि साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून कामाला जात. माझा मोबाईल आणि कापलेला हातमोजा त्यापुढे काय! २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्या वर्षी त्या गेल्या.

आणि आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे की आपण ज्या निजामाच्या राज्यात होतो, त्या निजामाचे नामांकित छायाचित्रकार जैन घरात जन्मलेले होते? राजा दीनदयाळ. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याला जन्म, रुरकीला अभियांत्रिकीचं शिक्षण, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, आणि फोटोचा छंद वाढत वाढत हैदराबादच्या दरबारापर्यंत. सहाव्या निजामाने १८९४ मध्ये त्यांना किताब दिला. मला सगळ्यात आवडतं ते हे की १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढायलाही बाईच होती, एक इंग्रज बाई. पडद्यातल्या बायका तिथे निवांत बसून फोटो काढून घेत. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग माझ्या आजीचा एकही फोटो कसा नाही गं?" नांदेडहून हैदराबाद तेव्हा काही जवळ नव्हतं.

या हिवाळ्यातला सगळ्यात चांगला फोटो वेळ अमावस्येचा. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखं असतं, सगळं गाव शेतात. आठ वाजता मी औसा रोडने निघाले तर समोरून कोणी नाही आणि मागून ट्रॅक्टर भरून माणसं. एका ओळखीच्यांच्या शेतावर गेले. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, मातीच्या बिंदग्यात आंबील. त्या घरच्या काकू आमच्यासाठी दरवर्षी छोटं पातेलं वेगळं लावतात, त्या भज्जीत कांद्याची पात नाही, लसूण नाही, गाजर नाही. तूर, वाटाणा, पावटा, ओला हरभरा, मेथी आणि चिंचेचा कोळ. चव कुठे कमी पडत नाही, शपथेवर सांगते. फोटो मात्र मी भज्जीचा काढला नाही. बिंदग्याच्या तोंडावर झाकलेलं पांढरं फडकं आणि त्यावर कोवळ्या उन्हात पडलेली एका हाताची सावली, एवढाच काढला. आईने फोनवर विचारलं, "हात कोणाचा?" मी म्हटलं काकूंचा. "बांगड्या भरून आहेत तिच्या," म्हणाली. सावलीतल्या बांगड्या तिने ओळखल्या होत्या. मी नंतर फोटो मोठा करून मोजल्या.

जानेवारीत नांदेडला गेले तेव्हा भाच्याची सायकल घेऊन नगीना घाटावर गेले. गोदावरीवर धुकं होतं, गुरुद्वाऱ्याकडून कीर्तन ऐकू येत होतं, आणि घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारे शीख बाबा घडी घातलेल्या घोंगडीवर बसले होते. त्यांना विचारून घोंगडीचा फोटो घेतला.

त्याच दिवशी दुपारी माझी स्वतःची तपासणी होती. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कोणाला काचबिंदू असेल तर आपल्याला होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आईच्या डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नजरेचं वर्तुळ मोजायची तपासणी अशी असते: एका अर्धगोल यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. कधीकधी बराच वेळ काही चमकत नाही. मुद्दाम तसं असतं की मला दिसत नाहीये, हे तिथे बसून कळायला मार्ग नाही. त्या दहा मिनिटांत मला सायकलवर डाव्या कानामागून येणारे ट्रॅक्टर आठवत होते.

वर्तुळ दोन्ही डोळ्यांचं पूर्ण आहे. डाव्या डोळ्याचा दाब मात्र २३ निघाला, साधारण २१ पर्यंत ठीक मानतात. नसेच्या फोटोत अजून काही नाही. औषध नको, दर सहा महिन्यांनी तपासणी, सायकल चालू ठेवा, शीर्षासन बंद. शीर्षासनात डोळ्यातला दाब एकदम वाढतो म्हणे. मी कधी केलंही नव्हतं, पण शिबिराला जाणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं, आणि चाळिशीच्या पुढच्यांनी चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्याचा दाबही बघायला सांगावं.

आईला २३ सांगायचं की नाही यावर वहिनीचं आणि माझं एकमत झालं नाही. मी सांगितलं. आईने फक्त विचारलं, "थेंब दिलेत का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "दिले तर साडेपाचला घाल, दोघी एकदमच णमोकार म्हणू फोनवर."

आता फेब्रुवारी संपत आला. हातमोजे धुऊन ठेवले, साडेसातलाच ऊन चटका देतं, त्यामुळे निघायची वेळ सहावर आणली आहे. पुढची तपासणी जुलैत, म्हणजे तोवर चातुर्मास लागलेला असेल. ओल्या रस्त्यावर गांडुळं, गोगलगायी, इवलेसे लाल किडे, त्यांच्यावरून चाक न्यायचं माझ्याने होणार नाही, म्हणून तेव्हा पायीच जावं लागेल. पायी गेले तर गंजगोलाईपर्यंत पोहोचणार नाही, आमच्याच गल्लीतले फोटो येतील. आई म्हणते चालेल, छत्र्यांचे पाठव. काळ्या नको, रंगीत.