डहाणू-तलासरीच्या वाटेवरील अन्न

प्रवासास निघणाऱ्या गृहस्थास तीन चिंता असतात. गाडीत जागा मिळेल काय, रात्री पाठ टेकावयास ठाव मिळेल काय, आणि पोटात काय पडेल? पहिल्या दोन चिंता अलीकडे पुष्कळ हलक्या झाल्या आहेत. तिसरी मात्र खाण्याच्या दुकानांचा सुकाळ होऊनही कमी झालेली नाही. दुकाने वाढली तशी निवड करणे अधिकच अवघड होऊन बसले आहे, असा आमचा अनुभव आहे.

आमचे एक पुतणे नोकरीनिमित्त जपानात तोक्यो शहरी असतात. तेथे त्यांना सुशी नामक पदार्थाची गोडी लागली आहे. (त्यांच्या मातोश्रींच्या कानी हे वृत्त अद्याप गेलेले नाही.) शिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यावर कच्च्या मासळीची पातळ काप ठेवली म्हणजे सुशी होते. मुळात मासळी टिकावी म्हणून ती भातात मुरवून ठेवण्याची रीत होती, तीतून हा प्रकार निघाला. चांगली सुशी शोधावी कशी, याविषयी पुतण्यांनी पत्रात एक सूत्र लिहिले होते. ज्या दुकानात बाराही महिने सर्व काही मिळते तेथे जाऊ नये. आठ-दहा माणसे बसतील एवढ्या फळीपुढे उभा राहून ‘आज बाजारात हे आले आहे’ असे जो सांगतो, त्याच्याकडे जावे. आम्हास मासळीशी कर्तव्य नाही. तथापि सूत्र मनात राहिले, आणि गेल्या पौषात डहाणू व तलासरीकडे जाण्याचा योग आला तेव्हा ते पारखून पाहण्याचे आम्ही ठरविले.

मंडळी चौघे होतो. आम्ही उभयता, आमचे सारस्वत व्याही, आणि आठ वर्षांचा नातू. आमच्या कुटुंबाने नेहमीप्रमाणे दशम्या, चटणी, मेतकूट व संक्रांतीचे तिळाचे लाडू यांनी डबा गच्च भरला होता. बाहेरच्या अन्नाविषयी त्यांचे मत ठाम आहे, आणि चाळीस वर्षांत त्यास तडा गेलेला आम्ही पाहिला नव्हता.

डहाणू रोड हे स्थानक चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरांवर आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्या एप्रिल २०१३ पासून येथवर येऊ लागल्या, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर हा मुलूख ठाण्यापासून निराळा झाला. पश्चिमेस समुद्र, मध्ये वाड्या, पूर्वेस वारली लोकांचे पाडे व डोंगर, अशी येथील भूमीची तीन पट्ट्यांत मांडणी आहे. अन्नही याच तीन पट्ट्यांप्रमाणे बदलते, हे ध्यानात ठेवले की अर्धा शोध संपला.

प्रथम वाड्यांचे सांगतो. घोलवड-बोर्डीच्या रस्त्याने जाताना दोहो बाजूंस चिकूची गर्द झाडे दिसतात. हे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील असून त्याच्या झाडाचा चीक पूर्वी चघळण्याच्या गोंदासाठी वापरीत. येथे ते इराणी व पारशी बागाईतदारांच्या हातून रुजले, आणि ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून कारखान्यांवर मर्यादा घातली. या बागा आजवर टिकल्या त्यास हेही एक कारण आहे. चिकू घेताना अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर फळ कोवळे उतरविलेले आहे असे समजावे. ते घरी आणून आठ दिवस भुशात ठेवले तरी गोड व्हावयाचे नाही. हा धडा आम्हास वाडीच्या दारात फळे विकणाऱ्या एका बाईंनी फुकट दिला.

याच पट्ट्यात पारशी व इराणी कुटुंबांची खाणावळीसह वसतिगृहे आहेत. संजाण बंदर येथून फार दूर नाही. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे याच तालुक्यातील बाहरोटच्या डोंगरात जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. इराणी मात्र मागाहून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, यज्द व केरमानकडून आले. त्यांच्याकडे शाकाहारी मनुष्याने काय खावे, हा प्रश्न आम्हास पडला होता. उत्तर सोपे निघाले. गवती चहा व पुदिना घालून उकळलेला दाट दुधाचा चहा, लोणी लावलेला पाव, आणि सांगून ठेवल्यास दुधात शिजविलेला रव्याचा ‘रवो’. तो आपल्या शिऱ्याचा धाकटा भाऊ शोभतो. धनसाकविषयी विचारता, शुभदिनी ते करीत नाहीत, घरी मृत्यू झाल्यावर चौथ्या दिवशी ते करण्याची चाल आहे, अशी माहिती मिळाली. आमच्या कुटुंबाने चहा घेतला, परंतु पावास स्पर्श केला नाही.

सायंकाळी व्याही आम्हास धाकटी डहाणू या कोळीवस्तीकडे घेऊन गेले. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने वाळत घातलेले होते. त्या वासाने आमची गती मंदावली आणि व्याह्यांची वाढली. खाणावळ निवडण्याची त्यांची परीक्षा मोठी मार्मिक आहे. ते प्रथम ‘काय मिळेल?’ असे विचारीत नाहीत. ‘होडी केव्हा लागली?’ असे विचारतात. ज्याला याचे उत्तर ठाऊक नाही त्याची मासळी बर्फातली असते, असा त्यांचा सिद्धांत आहे. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजे पापलेट’ अशी पाटी दिसली तर ती वाचून पुढे चालावे. एका दोन खणांच्या घरगुती खाणावळीत मालकीणबाईंनी ‘आज बोंबीलच हाय, दुसरं काय नाय,’ असे सांगताच व्याही संतुष्ट होऊन बसले. तोक्योचे सूत्र येथे अक्षरशः लागू पडले. आम्हास त्याच बाईंनी तांदळाची भाकरी व वालाची उसळ निराळ्या भांड्यात करून दिली.

वस्तीतील बोलण्यात मात्र आनंदापेक्षा काळजी अधिक होती. याच तालुक्यातील वाढवणच्या मोठ्या बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसविण्यात आली. समुद्रातील जागा गेली तर होड्या कोठे न्याव्यात, हा त्यांचा प्रश्न आहे. जेवणाऱ्याने तो निदान ऐकून तरी घ्यावा.

दुसऱ्या दिवशी जीप ठरवून महालक्ष्मीच्या दर्शनास निघालो. चारोटी नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे गेल्यावर विवळवेढे येथे देवीचे देऊळ लागते. चैत्री पौर्णिमेस येथे मोठी जत्रा भरते, आणि वारली लोकांची ही परम श्रद्धेची देवता आहे. जीपचा सारथी तलासरी तालुक्यातील वारली तरुण होता. आम्ही त्यास विचारले, “इकडे नागलीची भाकरी कोणत्या हॉटेलात मिळते?” तो हसला व म्हणाला, “गुरुजी, ती कोण विकणार आणि कोण घेणार?”

हा प्रश्न आम्ही सहज विचारला नव्हता. त्याचे मूळ १९८५ सालच्या श्रावणात आहे. त्या वर्षी आम्ही शिक्षकांच्या एका तुकडीबरोबर कोसबादच्या टेकडीवरील शिक्षणकार्य पाहावयास आलो होतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबादला गेले. शाळेत मुले येत नाहीत तर शाळाच अंगणात व कुरणात न्यावी, ही त्यांची दृष्टी. ताराबाई तेव्हा दिवंगत झाल्या होत्या, अनुताई हयात होत्या. टेकडीखालच्या एका पाड्यावर आम्ही एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो असता त्याच्या आईने नागलीची भाकरी पुढे केली. आम्ही चटकन म्हणालो, “आज आमचा उपवास आहे.” उपवास नव्हता. वार मंगळवार होता. त्या माउलीने शंका घेतली नाही. ती परसात गेली, वेलावरची एक काकडी तोडून घेऊन आली आणि “ही चालंल ना?” असे विचारून तिने ती आमच्या हाती ठेवली. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा न करणे हे व्रत म्हणून सांगितले आहे. ते आम्ही पुढे कित्येक वर्षे वर्गात शिकविले, आणि शिकविताना प्रत्येक वेळी ती काकडी आठवली.

असो. देवीचे दर्शन घेऊन तलासरीच्या वाटेस लागलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. महामार्गाच्या दोहो बाजूंस मोठमोठ्या पाट्या होत्या. पंजाबी, गुजराती, चिनी, मद्रासी, सर्व काही एकाच छपराखाली. आमच्या सूत्राप्रमाणे तेथे थांबावयाचे नव्हते. परंतु नातवाने हट्ट धरला, पाटी झगझगीत होती, आणि आम्ही बधलो. ते हॉटेल कोणते हे सांगण्यात अर्थ नाही. पनीरची भाजी आंबूस होती, हे मुलाच्या पोटाने आमच्या जिभेआधी ओळखले. अच्छाडच्या नाक्याकडे निघालो तोच त्यास वांत्या सुरू झाल्या. पाणीही ठरेना. आजीचा चेहरा पांढरा पडला. दशम्यांनी भरलेला डबा मांडीवर होता, पण त्यातले काहीच या वेळी उपयोगाचे नव्हते.

सारथ्याने न विचारताच गाडी आडरस्त्यास घातली व आपल्या पाड्यावर नेली. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, अंगणात भाताचा पेंढा. त्याच्या आईने मुलाकडे एकवार पाहिले, चुलीवर तांदळाची पातळ पेज चढविली, मीठ घातले व वाटी आणून आमच्या कुटुंबापुढे धरली. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. आमच्या कुटुंबाने वाटी घेतली, एक घोट स्वतः घेऊन ऊन किती आहे ते पाहिले, आणि चमच्याने मुलास भरवू लागल्या. अर्ध्या तासात पेज पोटात टिकली. मूल झोपी गेले.

मग त्या आजींनी आम्हास विचारले, “तुमी जेवाल ना?” आम्ही काही बोलण्यापूर्वी आमच्या कुटुंबानेच होकार दिला. नागलीच्या काळसर भाकऱ्या, वालाच्या दाण्यांची पातळ आमटी, पाट्यावर वाटलेली मिरची-लसणाची चटणी. व्याह्यांस सुका बोंबील भाजून मिळाला. नागलीस गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून तिचे पीठ कढत पाण्याने मळून भाकरी हातावर थापावी लागते. चुलीच्या निखाऱ्यावर ती फुगली म्हणजे तिला जो खमंग वास येतो तो घरच्या गॅसवर साधणे कठीण.

जेवताना आम्ही विचारले, “श्रावणात काय खाता?” आजी म्हणाल्या की आता रेशनचे धान्य मिळते, मुलगा गाडी चालवितो, भागते. पूर्वी मात्र आषाढ-श्रावण म्हणजे उपासमार. घरचे भात संपलेले, नवे यावयास दसरा-दिवाळी. मग रानातले कडू कंद आणून, चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा काढावयाचा व तेच खावयाचे. नागली शिल्लक असलीच तर मूठभर, तीही पोरांसाठी झाकून ठेवलेली.

आमच्या हातातील घास हातातच राहिला. वेठबिगारीविरुद्ध येथील वारली १९४५ साली उभे राहिले, गोदावरी व शामराव परुळेकर त्यांच्यामध्ये येऊन राहिले, हा इतिहास आम्ही पुस्तकात वाचला होता. श्रावणात पुढे केलेल्या भाकरीचा अर्थ मात्र एवढ्या वर्षांत आम्हास उमगला नव्हता. त्या बाईने आपल्या मुलाचा घास पाहुण्यास दिला होता, आणि आम्ही तो खोटे बोलून नाकारला होता.

निघताना आम्ही पैसे काढले. आजींनी मान हलविली. तेव्हा आमच्या कुटुंबाने डबा उघडून सारे तिळाचे लाडू त्यांच्या पदरात घातले, ते त्यांनी हसत घेतले. उलट आम्हास नागलीच्या पिठाची पुरचुंडी मिळाली. परतीच्या गाडीत आम्ही ती १९८५ सालची गोष्ट कुटुंबास प्रथमच सांगितली. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, “तो उपवास फारच लांबला.”

वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. वाडीत गेलात तर फळ व चहा घ्या, किनाऱ्यावर होडीची वेळ विचारा, महामार्गावर सर्व काही मिळते तेथे काही घेऊ नका. पाड्यावरचे अन्न विकत मिळत नाही. ते कोणी दिले तर घ्यावे. घरचा डबा अवश्य न्यावा. मात्र तो उघडावयाचा आहे आपल्याबरोबर दुसऱ्यासाठीही, एवढे स्मरणात असू द्यावे.