धावणाऱ्या लेकीचे मीठ

घरात रक्तदाबाचा एक रुग्ण निघाला की सगळ्या घराचे मीठ कमी होते. आमच्याकडेही तसेच झाले. अम्मींचा रक्तदाब वाढलेला निघाला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आणि त्या दिवसापासून डाळ, सालन, खिचडी सगळेच फिके शिजू लागले. पापड-लोणचे दस्तरखानावरून उठले. हे योग्यच होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ पुरे मानते. आपल्या घराघरांत त्याहून बरेच जास्त खाल्ले जाते.

पण त्याच घरात आमची सोळा वर्षांची लेक आहे आणि ती ३००० मीटर धावते. सोलापूरचा एप्रिल कसा असतो हे वेगळे सांगायला नको. सकाळी सात वाजता मैदान तापायला लागते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ ट्रॅकपँट, डोक्याला स्कार्फ आणि दीड तास सराव. घरी यायची तेव्हा काळ्या स्कार्फच्या कडेला आणि पाठीवर पांढरे पट्टे उमटलेले असायचे. ते घामातून आलेले मीठच. दुपारी डोके धरून बसायची आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन उठायची.

सल्ले भरपूर आले. शेजारच्या खाला म्हणाल्या, रोज सकाळी ग्लासभर मिठाचे पाणी द्या. एका दुकानदाराने पावडरचा मोठा डबा पुढे केला. किंमत पाहून आम्ही तो परत ठेवला. मैदानावरच्या एका पालकांनी मिठाच्या गोळ्या सुचवल्या. कुणी म्हणाले, साध्या मिठाने रक्तदाब वाढतो, सैंधव द्या. सैंधव घ्या, खडे मीठ घ्या की पुड्याचे, मुख्य भाग सोडियम क्लोराइडचाच. उलट साध्या सैंधवात आयोडीन मिसळलेले नसते.

आम्ही शिक्षक माणसे, आधी मोजायचे ठरवले. सरावाला जाण्यापूर्वी वजन, आल्यावर घाम पुसून पुन्हा वजन. आधी ४६.४ किलो, नंतर ४५.५. मधे तिने अर्धा लिटर पाणी प्यायलेले. म्हणजे ९०० ग्रॅम घटले, त्यात ५०० मिळवा. दीड तासात जवळपास १.४ लिटर घाम. पाच दिवस मोजले, आकडा थोडाफार तोच. एका लिटर घामात साधारण अर्ध्यापासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत सोडियम असते. कुणाचा घाम खारट, कुणाचा कमी. मध्यम धरून लिटरला १ ग्रॅम सोडियम मानले, तर मिठाच्या भाषेत ते अडीच ग्रॅम होते, कारण मिठात सोडियम ४० टक्के असते. म्हणजे लेक रोज सकाळी साडेतीन ग्रॅम मीठ मैदानावर सोडून येत होती आणि घरी येऊन दादीसाठी शिजवलेले फिके सालन खात होती.

ही वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तिचा रक्तदाब पाहिला आणि हिमोग्लोबिन तपासायला लावले; या वयाच्या मुलींचा थकवा पुष्कळदा तिथून येतो. ते ठीक निघाले, अल्हम्दुलिल्लाह. पोटऱ्यांच्या गोळ्यांबद्दल त्यांनी सांगितले ते आम्हाला नवे होते. गोळा आला की मीठ कमी, असे आपण सरसकट म्हणतो. पण दमलेल्या स्नायूलाही गोळे येतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या सोडियममध्ये सांगण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणून मिठाबरोबर सरावही आठवडाभर हलका करायचा ठरला. शिवाय उन्हात दहा-पंधरा दिवस नेमाने सराव झाला की शरीर स्वतःच घामातले मीठ राखू लागते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचा हिशेब महिनाअखेर तसाच राहत नाही.

नुसते पाणी वाढवून भागत नाही, हेही त्यांनी बजावले. बोस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ जणांचे रक्त तपासले होते. १३ टक्के लोकांचे सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेले निघाले, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध होता शर्यतीत वजन वाढण्याशी. घाम गेला त्याहून जास्त ते प्यायले होते. त्यामुळे आमचा वजनकाटा दोन्ही बाजूंनी कामाचा ठरला: परत आल्यावर वजन फार घटलेले नको आणि वाढलेले तर मुळीच नको.

मग घरात काय बदलले? पातेल्यातले मीठ अम्मींच्याच मापाचे राहिले. लेकीच्या ताटाशेजारी वेगळी डबी आली. सरावानंतर भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, दह्यात मीठ, लिंबू सरबतात दोन चिमूट. गोळ्या आणि पावडर आणली नाही. ओआरएसच्या एक लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ असते, पण ते जुलाबासाठी आहे. रोजचे पेय म्हणून आम्हाला ते पटले नाही. धाकटा मुलगा संध्याकाळी अर्धा तास क्रिकेट खेळतो. त्यालाही डबी हवी होती. त्याला मिळाली नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनाही जादा मिठाची गरज नाही. कुरकुऱ्यांच्या पाकिटांतून त्यांच्या पोटात जाते तेच जास्त आहे.

रमजानात मात्र सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. सकाळचा सराव बंद करून इफ्तारनंतर तासाभराने हलके धावणे ठेवले. सहेरीत खारट काही खाऊ नये, तहान लागते, असे अम्मींचे म्हणणे. पापड-लोणच्यापुरते ते खरेच. पण जेवणात बेताचे मीठ असले तर प्यायलेले पाणी शरीरात जास्त वेळ टिकते. म्हणून सहेरीला मीठ घातलेले दही आणि पाणी थोडे थोडे करून. एका दिवशी चक्कर येतेय म्हणाली, त्या रात्री धावणे बंद.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला वहीवरून कळली नाही, तिने स्वतः सांगितली. मैदानावर ती दीड तासात अर्ध्या लिटरच्या वर पाणी पीतच नव्हती, बाटलीत उरलेले ओतून द्यायची. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली शिपायाकडे. मुलांना आडोसा चालतो. मुली तहान मारतात. आठ-दहा मुली रोज तसेच करत होत्या आणि कुणीच घरी बोलले नव्हते. आम्ही तीन आया आणि दोन बाप मिळून तिथल्या कार्यालयात गेलो. दुसऱ्यांदा गेल्यावर किल्ली मिळाली. आता ती एका मुलीच्या बॅगेत असते, आणि लेकीची बाटली एक लिटरची झाली आहे.