आत्याची सही

घर पाडून पुन्हा बांधायचं ठरलं आणि बँकेच्या अर्जात एक तक्ता भरावा लागला. डावीकडे खर्च, उजवीकडे पैसा कुठून येणार ते. अंदाजपत्रक १८ लाखांचं. उजवीकडे मी लिहिलं: गृहकर्ज १२ लाख, भविष्य निर्वाह निधीतून ४ लाख, सोनं मोडून २ लाख. बेरीज जुळली, पण तक्ता काही मनाला पटेना. त्यात आत्या कुठेच नव्हती.

कुडाळ तालुक्यातलं हे घर पणजोबांचं. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर बाबांचं आणि आत्याचं नाव लागलं. बाबांच्या जागी आता मी. बँक आधी तेच बघते. सामायिक जागेवर एकट्याला कर्ज देत नाहीत. हिस्सेदाराने कर्जात सोबत यावं, नाहीतर हक्क सोडावा. वकिलांनी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. ‘राजीखुशीने, विनामोबदला’ हे त्यात आधीच टाईप केलेलं होतं. घरातलं हक्कसोडपत्र असल्यामुळे मुद्रांक शुल्कही नाममात्र.

पणजोबा मुंबईत गिरणीत होते. टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० पासूनची. कोकणातली कितीतरी घरं त्या पैशांवर उभी राहिली, तसंच आमचंही. पैसे आले तसं ते वाढलं. आधी माजघर, मग ओटी, मग पडवी. मला अशी घरं आवडतात. त्यांच्या भिंती एका रेषेत नसतात, चिऱ्यांचा रंग दालनागणिक बदलतो, आणि कुठल्या वर्षी हात आखडला होता ते वाचता येतं.

आणि दर वैशाखात ते शाकारायचं असे. चाकरमानी गावी आलेले, वाडीतली माणसं मदतीला; आज आमच्याकडे, उद्या शेजारी, मजुरीचा प्रश्नच नाही. पुरुष वाशांवर पाय टेकून वर, बायका खाली खळ्यात. कौलं हातोहात खाली यायची. ओळीच्या शेवटी आत्या. कौल हाती आलं की ती मधल्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारी. खणखणीत वाजलं तर उजव्या ढिगात. बद्द वाजलं तर डावीकडे, कारण आत कुठेतरी तडा असणार. मी ती डावीकडची कौलं उन्हात धरून, उलटीपालटी करून बघत असे. मला तडा दिसायचा नाही. पण तसलं कौल कुणी नजरचुकीने परत चढवलं, तर ज्येष्ठात नेमकं त्याच्याखाली पातेलं मांडावं लागे. मग काथ्याच्या कुंच्याने शेवाळ झाडायचं. कौलांच्या पोटात कारखान्याची ठसठशीत इंग्रजी अक्षरं असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे अशा कौलांनी किनाऱ्यावरची गवती छपरं हळूहळू हटवली. आत्याला अक्षरं वाचता येत नव्हती, पण नुसता अंगठा फिरवून कुठलं कौल कुठल्या कारखान्याचं ते ती सांगे. दुपारी सगळ्यांना भात आणि कुळथाची पिठी. रात्री घरात धूळ आणि ओल्या शेवाळाचा वास भरून राहायचा, आणि चांदणं कुठूनच आत येत नाही याची खात्री करूनच आत्या निजायला जाई. हे सगळं ती माहेरपणाला आलेली असताना. तिच्या सासरीही छप्पर होतंच, तेही तीच बघत होती.

माहेरच्या घरावर तिचा हक्क किती, हे कायदा बराच काळ चाचरत सांगत होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला हिस्सा दिला, पण कलम २३ ने राहत्या घराला कुंपण घातलं: पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर तिने ती मागायची नाही. राहायचा हक्कसुद्धा अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. नांदत्या मुलीने पाहुणी म्हणूनच यायचं. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने गेलं. मुलीचा सहदायकीतला हक्क जन्मानेच येतो, त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असायला हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. कागदावर आता सगळं चोख आहे. तरी गावोगाव बहिणी सह्या करून देतातच, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटेल ही भीती कुठल्याही दुरुस्तीने जात नाही.

मी रेडी रेकनरच्या दराने आत्याचा हिस्सा काढला. तो ५ लाखांच्या घरात गेला, माझ्या निर्वाह निधीपेक्षा जास्त. आकडा तिला सांगितला तेव्हा ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, “माका पैसे नको रे. मे म्हयन्यात येवन रवाक गावला काय झाला.”

मसुदा बदलून घेतला. हक्क सोडायचा तो फक्त घराखालच्या जागेपुरता. कलमांच्या बागेत तिचं नाव आहे तसंच राहील. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत यंत्र तिचा अंगठा घेईना, रेषा झिजलेल्या. तिथल्या मुलाने ओल्या फडक्याने तो पुसला, तिने पदराला कोरडा केला, पुन्हा टेकवला. अंगठा उमटला तेव्हा मागच्या रांगेतल्या लोकांनीच सुटकेचा श्वास सोडला. साक्षीदारांनी सह्या केल्या. आत्याने बोटांवरची शाई बघत विचारलं, जोता पश्चिमेला उंच घेणार ना? तिकडून पऱ्याचं पाणी येतं. ते नकाशात नव्हतं. आता आहे.

बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते: जोता, भिंती, छप्पर. व्याज पहिल्या टप्प्यापासून. ते फेडायची सोय आपण करतोच. पण वडिलोपार्जित घर बांधायला निघालेल्या प्रत्येक भावाला, भाच्याला माझी एक विनंती आहे. बहिणीपुढे, आत्यापुढे हक्कसोडपत्र ठेवण्याआधी तिच्या हिश्श्याचा आकडा काढा आणि तो तिला तोंडाने सांगा. ती काय सोडते आहे हे तिला कळू द्या, मग सही मागा. आणि तिने हिस्सा मागितला, तर घर दोन खोल्यांनी लहान बांधा.